पहिल्या गठ्ठ्यातला खेळ

दाजीबानपेठेत श्रीहरी रेळेकरचं कापडदुकान कुठलं असं विचारलं, तर लोक पाटीची खूण सांगत नसत. ज्या गच्चीवर चिंध्या वाळताना दिसतील तिच्या खालचं, असं सांगत. श्रीहरीला हे मनाला लागायचं, कारण त्या चिंध्या नव्हत्या. ते नमुने होते.

इचलकरंजीचा, सुरतेचा नाहीतर इरोडचा कुठलाही दलाल नवा माल घेऊन आला की श्रीहरी त्याला गादीवर बसवून घेई, चहा सांगे, मुलाबाळांची चौकशी करी. दलालाचं बोलणं संपलं की त्यानं आणलेला नमुना मान डोलावून बाजूला सारी, गठ्ठा उघडायला लावी आणि मधल्या थानातून स्वतःच्या कात्रीनं हातभर तुकडा कापून घेई. दलालानं कापलेला नमुना म्हणजे मुलगी बघायला गेल्यावर मिळणारे पोहे, असं त्याचं म्हणणं. रोज तसेच होतील याची हमी कोण देणार? मग तो तुकडा दुकानावरच्या घरात जाई. रात्रभर मिठाच्या पाण्यात, दिवसभर गच्चीवरच्या उन्हात. नंतर पांढऱ्या मलमलीवर घासून रंग उतरतो का ते बघायचं, लोखंडी गजानं मोजून आटला किती ते बघायचं. एवढ्यातून पार पडलेलं कापडही तो लगेच घेत नसे. पहिला गठ्ठा पेठेतल्या बाकीच्या दुकानांत जाऊ दे, गिऱ्हाइकं भांडायला परत येतात का ते दिसू दे, मग दुसरा गठ्ठा आपला. पहिल्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही, हा त्याच्या वडिलांचा नियम. श्रीहरीनं तो कानामात्रेचाही फरक न करता पुढे चालवला.

या नियमामुळे रेळेकरांकडचं कापड विटलं अशी तक्रार कधी कुणी केली नाही. मात्र "नवीन काय आलंय?" असं विचारत कुणी पायरी चढलं, तर श्रीहरी अगदी निर्मळ मनानं त्याला शेजारच्या दुकानात पाठवून देई. शेजारचा दुकानदार त्याला देवमाणूस म्हणायचा, यात नवल नाही.

नियम खाली दुकानातच राहिला असता तर ही हकीकत सांगायचं कारण नव्हतं. पण तो जिना चढून घरात आला. गल्लीत सगळ्यांकडे रंगीत टीव्ही येऊन त्यातले दोघातिघांचे बिघडून दुरुस्तही झाले, तेव्हा कुठे रेळेकरांकडे टीव्ही आला. मिक्सर, स्कूटर, टेलिफोन, सगळ्यांची हीच तऱ्हा. सिनेमाला जायचं तेही चौथ्या आठवड्यात, आतेभाऊ प्रभंजन आधी बघून येऊन 'जायला हरकत न्हाई' म्हणाला तरच. आणि प्रभंजनचा स्वभाव असा की त्याला नुसतं 'हरकत न्हाई' म्हणून थांबता येत नसे. तो रेळेकरांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून, चहात खारी बुडवत, सिनेमा पाट्या पडण्यापासून सांगायला घेई. कोण मरतं, कधी मरतं, कोण कुणाचा हरवलेला भाऊ निघतो, सगळं. श्रीहरीला हे बरं वाटायचं. तीन तास कुठल्या प्रसंगातून जायचं आहे ते माहीत असलं की माणूस निवांत बसतो.

त्याची बायको कुसुम गदगची. हसरी, कामाला उरकती, आणि गोष्टी ऐकण्याची भारी हौस असलेली. लग्न होऊन आली आणि नमुने धुण्याचं काम तिच्या हाती आलं. लग्न ठरवण्याआधी रेळेकरांनी गदगच्या चार ओळखीच्या घरांतून तिच्याबद्दल खोदून खोदून चौकशी केली होती, आणि तरीही होकार कळवायला पावसाळा जाऊ दिला होता. "मलाबी धुऊन वाळवूनच घेतलंय यांनी," असं ती हळदीकुंकवाला सांगे आणि बायका पदर तोंडाला लावून हसत. हे कानावर आलं की श्रीहरीही हसे. त्यात तिला काही म्हणायचं असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

कॉम्प्युटर घरात आला तो अर्थातच पेठेत सगळ्यात शेवटी, मुलगा अमितच्या अभ्यासासाठी. अमित इंजिनिअरिंगला सुरतकलला निघून गेला आणि कॉम्प्युटर मागे राहिला. त्यात प्रभंजननं घालून दिलेला एक खेळही राहिला. प्रभंजनचं गोकुळ रोडला कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान होतं आणि खेळांचं त्याला वेड होतं. हा खेळ गोळ्या झाडायचा किंवा गाड्या पळवायचा नव्हता. त्यात आपण एक माणूस घ्यायचा, त्याला नाव द्यायचं, गावोगाव हिंडवायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि आपण काय बोललो, कुणाला मदत केली, यावर त्याचं पुढचं नशीब ठरायचं. कुसुमनं आपल्या माणसाचं नाव गोपाळ ठेवलं. चामड्याचं चिलखत घातलेला, पाठीला तलवार लावलेला हा गोपाळ दुकान बंद झाल्यावर जेवणाआधी तासभर परमुलुखात हिंडू लागला. इंग्रजी वाचून मराठीत सांगायचं काम श्रीहरीचं, माऊस आणि निर्णय कुसुमचे. श्रीहरी गोपाळला प्रत्येक गावात ढाल-तलवारीचे भाव विचारायला लावी. कुसुमला त्यापेक्षा विहिरीवर रडत बसलेली बाई का रडते यात रस असे. दोघांचं यावरून लुटुपुटीचं भांडण होई, आणि त्या तासाची दोघंही दिवसभर वाट बघत, हे दोघांनीही एकमेकांना कधी सांगितलं नाही.

या खेळातला एक म्हातारा साधू गोपाळला लहानपणापासून सांभाळत आलेला. कुसुमचा त्याच्यावर जीव. एकदा खारी बुडवता बुडवता प्रभंजन सहज बोलून गेला की गोपाळ ज्या राजाच्या खुन्याला शोधतोय, तो खुनी शेवटी हा साधूच निघतो. पुढे कितीतरी दिवस गोपाळ त्या साधूबरोबर डोंगरदऱ्या तुडवत होता, पण कुसुम त्याच्याशी पहिल्यासारखं बोलेना. खेळ संपला तेव्हा श्रीहरीनं समाधानानं, प्रभंजन म्हणाला होता तस्संच झालं, असं म्हटलं. ती उठून कुकर लावायला गेली.

मग २००६ साली त्या खेळाचा दुसरा भाग येणार असल्याची बातमी आली. दसऱ्यानंतर जगभर एकाच दिवशी. प्रभंजन कॉम्प्युटरचं एक मासिक घेई, त्याच्याबरोबर आलेली सीडी त्यानं वर आणून दिली. त्यात नव्या खेळाची सुरुवात तेवढी होती. एक गाव, त्याच्या कडेनं नदी, नदीवर दगडी पूल. पुलावर पाऊल ठेवलं की पडदा काळा होऊन अक्षरं येत: पुढचं पूर्ण खेळात.

श्रीहरी खूश झाला. हा तर नमुनाच. त्यानं त्याची परीक्षा आपल्या रीतीनं घ्यायची ठरवली. सकाळी दुकान उघडण्याआधी तो गोपाळला गावातल्या विहिरीपाशी उभा करी आणि कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून खाली जाई. दिवसभर उन्हात टिकतो का बघू, म्हणे. जेवायला वर आला की गोपाळ जागेवर आहे ना, हातपाय नीट हलतात ना, ते तपासून घेई. मध्ये करंट गेला की परीक्षा बाद, दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. नमुना सगळ्यातून उत्तम पार पडला. पण शेवटी श्रीहरीच तो. त्याला आठवलं की हा तुकडा खेळवाल्यांनीच कापलेला आहे, गठ्ठ्याच्या मधला आपल्याला कोण देणार? शिवाय पहिला भाग आला तेव्हा त्यात ढीगभर चुका होत्या आणि त्या दुरुस्त होऊन यायला कित्येक महिने गेले होते, हे प्रभंजननंच सांगितलं होतं.

प्रभंजन विचारायला आला. खेळाची अस्सल प्रत बेंगळूरहून मागवावी लागणार, शनिवारच्या आत सांगा, एकदा घेतली की परत नाही. श्रीहरीनं शांतपणे सांगितलं की पुढच्या दिवाळीला बघू. आधी लोकांना धुऊ दे. प्रभंजनलाही ते सोयीचंच होतं. तो स्वतःची प्रत मागवणार होता, खेळून येऊन सगळं सांगणार होता. कुसुम चहाचे कप उचलून आत गेली. शनिवार आला आणि गेला.

दाजीबानपेठेत एक रीत आहे. पेठेतला कुणी जुना व्यापारी गेला की बातमी येईल त्या क्षणी सगळी दुकानं अर्धी शटरं खाली ओढतात आणि त्या दिवशी पुन्हा उघडत नाहीत. त्या शनिवारनंतरच्या आठवड्यात कोपऱ्यावरचे भांड्यांचे व्यापारी वारले. श्रीहरी त्यांच्या दारात जाऊन आला, हातपाय धुतले आणि दुपार कलताना वर गेला. त्या वेळी तो कधीच घरी नसे.

कुसुम कॉम्प्युटरसमोर बसलेली होती. पंख्याच्या आवाजात तिला त्याची चाहूल लागली नाही. तो दारातच थांबला. गोपाळ पुलाकडे गेला, पडदा काळा झाला. तिनं पुन्हा सुरुवात केली. या खेपेला गोपाळ पुलाकडे न जाता नदीच्या काठाकाठानं गेला, कुठं उतार मिळतो का बघत, झुडपांत शिरत, परत येत. मग तो एका पडक्या भिंतीवर चढला, तिथून दुसऱ्या भिंतीवर, आणि अगदी कडेला जाऊन उभा राहिला. ज्या सराईतपणे चढला, त्यावरून ती तिथं रोज जात असणार हे दिसतच होतं. श्रीहरी इतके दिवस गोपाळला विहिरीपाशी उभा करून जात होता, आणि जेवून तो खाली गेला की गोपाळ रोज दुपारी इथं येत होता.

श्रीहरी खाकरला. कुसुम दचकली नाही, उलट त्याला जवळ बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. नदीच्या पार, झाडांत, मुंगीएवढा पिवळा ठिपका होता.

"त्यो दिवा बघा," ती म्हणाली. "कोण असंल तिथं?"

श्रीहरी म्हणाला, महिन्याभरात कळेलच की, प्रभंजन सांगेल.

कुसुमनं माऊसवरचा हात काढला. "तेच की ओ. त्यो सांगंल. लगीन होऊन आल्यापास्नं मला समदं कुणीतरी आधी सांगितलंय. तुमी काळजीनंच करताय, मला कळतंय. खरं एक तरी गोष्ट अशी येऊ दे, जिच्यात पुढं काय हाय ते मला कुणी सांगितलेलं न्हाई."

"खराब निघाली तर?"

"निघू दे की. खराब हाय हे तरी पैल्यांदा आपल्याला कळू दे."

हे ती चिडून बोलली असती तर श्रीहरीनं वाद घातला असता. पण तिनं नेहमीच्या आवाजात सांगितलं आणि ती भांडी घासायला उठली. त्याला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं तो बायकोच्या वाटेतले खडे वेचतो आहे अशा समजुतीत होता, आणि तिला मात्र कुणाचंही पाऊल न पडलेली एखादी वाट हवी होती. संध्याकाळी त्यानं स्कूटर काढली आणि गोकुळ रोड गाठला.

प्रभंजनच्या दुकानात उघड्या कॉम्प्युटरांच्या पसाऱ्यात तो स्टुलावर बसला. उकाड्याबद्दल बोलला, आत्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, भांडेवाल्यांचं वाईट झालं म्हणाला. मग एकदाचं विचारलं की दुसऱ्या भागाची अजून एक प्रत मिळेल का. प्रभंजननं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"अण्णा, तुला बरं हाय न्हवं?"

मिळणार नव्हती. शनिवार उलटून गेला होता. बसनं येणाऱ्या पार्सलमध्ये एकच प्रत होती, प्रभंजनची स्वतःची. श्रीहरीनं आयुष्यात दलालांशी पुष्कळ घासाघीस केली होती, पण मागणं त्याला येत नव्हतं. तो खाली बघत म्हणाला, "तुझी मला दे. आणि आमचं खेळून होईस्तोवर त्या खेळाचं आमच्या घरात एक अक्षर बोलू नकोस. तुझ्या वैनीला पाहिजे हाय."

प्रभंजन स्वतःचं लग्न होईपर्यंत कुसुमच्या हातचं जेवला होता. वैनीला पाहिजे म्हटल्यावर विषय संपला. फक्त, न बोलण्याचं कसं जमवायचं ते मात्र सांग, असं तो म्हणाला.

पार्सल आलं तेव्हा श्रीहरीनं ते कुसुमच्या मांडीवर ठेवलं. तिनं खोका उलटासुलटा केला, वरचा पातळ प्लॅस्टिकचा कागद अजून कुणी फाडलेला नाही हे बघितलं, आणि खोक्याला हळदकुंकू लावून मगच तो फाडला.

आणि खेळ खराब निघाला. नमुन्यात जे उत्तम होतं तेच गाव पूर्ण खेळात पार बिघडलेलं. माणसं गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतून बोलत होती. पाटलासारखा दिसणारा एक गृहस्थ बोलायचा, पण त्याचा आवाज शेजारच्या बाईच्या तोंडातून येत होता. एका घराच्या कौलांवर म्हैस उभी होती. 'मी म्हटलं होतं' हे शब्द श्रीहरीच्या घशापर्यंत आले आणि त्यानं ते औषधाच्या गोळीसारखे गिळले. कुसुम मात्र म्हशीकडे बघून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ही म्हैस प्रभंजननं बघितलेली नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मग गोपाळ पुलावर चढला. या खेपेला पडदा काळा झाला नाही. झाडी आली, दिवा मोठा मोठा होत गेला, एक झोपडी आली, तिचं बंद दार आलं. कुसुमनं दारावर माऊस नेऊन बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा पूल, पुन्हा दार, पुन्हा बंद. चार दिवस हेच. प्रभंजननं येऊन सगळं उघडून बघितलं. खेळ काढणाऱ्या कंपनीनं चूक कबूल केली होती. काही जुन्या कॉम्प्युटरांवर ते दार उघडत नव्हतं, आणि दुरुस्ती यायला दोनतीन महिने लागणार होते.

श्रीहरीचा नियम खरा ठरला होता. त्याला मात्र रडू यायचं बाकी होतं. बायकोनं एकदाच काही मागितलं आणि तेही आपण दारापर्यंत आणून सोडलं, असं त्याच्या मनानं घेतलं. जेवताना तो ताटाकडे बघत बसे. तेव्हा तिसऱ्या की चौथ्या दिवशी कुसुम भाकरी वाढता वाढता म्हणाली की आत गोपाळची आई असणार, लहानपणी हरवलेली. श्रीहरीनं मान वर केली. आई कशी असेल, तो म्हणाला. पूल आहे म्हणजे जकात नाका असणार, आत जकातवाला असणार. कुसुम म्हणाली की जकातवाला रानात दिवा लावून का बसेल? तो म्हणाला, बसेल नाहीतर काय, माल रात्रीच निघतो. त्या दिवसापासून रेळेकरांच्या घरी जेवणाला रोज हा एकच विषय. आत आई होती, जकातवाला होता, तो खुनी साधू होता, एकदा तर कुसुमच्या मते आत दुसरा गोपाळच बसलेला होता. श्रीहरी दुकानात गज हातात धरून मध्येच थांबे, आणि गिऱ्हाइकाला वाटे मापात काहीतरी घोळ आहे.

प्रभंजनच्या दुकानात तोवर इंटरनेट आलं होतं, आणि जगात ज्यांचे कॉम्प्युटर चांगले होते ते त्या दारातून केव्हाच आत गेले होते. एके दिवशी तो पेठेत शिरला तोच असा चेहरा घेऊन की श्रीहरीला गादीवरूनच सगळं कळलं. तो अनवाणी धावला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यानं प्रभंजनला गाठून त्याच्या तोंडावर हात ठेवला. ज्यानं याच माणसाला वर्षानुवर्षं सगळं आधी बघून यायला पाठवलं, त्यानंच. तिथून पुढे प्रभंजनला चहा खाली दुकानात मिळू लागला. तो थानांना टेकून बसे, घोट घेई, छताकडे बघून उसासा टाकी. श्रीहरी त्याच्याकडे पाठ करून बसे. त्याच्या नजरेतूनही काही कळू नये म्हणून.

संक्रांतीच्या सुमाराला दुरुस्ती आली. प्रभंजननं ती घालून दिली, म्हैस कौलांवरून उतरली आहे एवढं बघितलं, आणि कुणी सांगायच्या आत आपणहून खाली जाऊन बसला. कुसुमनं हात पदराला पुसले आणि माऊस धरला. पूल गेला, झाडी गेली. दार आलं. तिचा हात थांबला.

"काय असंल ओ?" तिनं विचारलं.

"मला काय म्हाईत," श्रीहरी म्हणाला. हे वाक्य तो तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता.

कुसुमनं बटण दाबलं.

आत काय होतं हे नंतर पेठेत पुष्कळांनी श्रीहरीला विचारलं. प्रभंजननं तर आपल्याला कळलेलं बरोबर आहे का ते ताडून बघायला कितीदा तरी विचारलं. श्रीहरीला ते कुणालाच धड सांगता आलं नाही. दार उघडलं तेव्हा तो कुसुमकडे बघत होता.